काही पोरं अशी, काही पोरं तशी

मला हे आजवर कोणी सांगितलंच नव्हतं! इतकी वर्षं शाळेत काढली, दर सत्राला मुलांची उंची मोजली, वजन मोजलं, वाचनाचा वेग मोजला, शंभरातले मार्क तर मोजतच आले. पण लेकराला स्वतःबद्दल काय वाटतं हेही विचारता येतं, नीट विचारता येतं, आकड्यात मांडता येतं, आणि त्यासाठी जगात कोणी कोणी आयुष्य घालवून एकेक प्रश्न घडवला आहे, हे मला कळलं ते सावंगीला, भाचीच्या खोलीत, तिच्या पलंगावर पसरलेल्या कागदांत बसून. तेव्हापासून मी जो भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे. मुख्याध्यापकांना सांगून झालं, ऑटोवाल्याला सांगून झालं, आता तुम्हाला सांगते.

सावंगी (मेघे) म्हणजे वर्ध्याला लागूनच. १९९० साली इथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आलं, सोबत विनोबांच्या नावाचं मोठं रुग्णालय, मग डेंटल, नर्सिंग, होस्टेलं, मेस, झेरॉक्सची दुकानं. आमच्याकडे कोणाला काही झालं की ‘सावंगीला नेलं’ एवढं म्हटलं तरी पुरतं. तिथे माझी भाची एम.एस्सी. नर्सिंग करते. तिच्या प्रबंधाचा विषय किशोरवयीन मुलामुलींचा आत्मसन्मान. सिनॉप्सिस झाला होता, एथिक्स कमिटीसाठी कागद लावणं चाललं होतं. मला म्हणाली, “मावशी, तू शाळेतली आहेस. पोरांना हे कळेल का, एवढं वाचून सांग.” मी वाचायला घेतलं आणि रात्रीची शेवटची बस सोडून तिथेच राहिले.

पहिला कागद रोझेनबर्गचा. मॉरिस रोझेनबर्ग हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ. १९६५ साली त्यांचं पुस्तक आलं, न्यूयॉर्क राज्यातल्या दहा हायस्कुलांतल्या ५,०२४ विद्यार्थ्यांवरचं. त्यासाठी त्यांनी वापरलेली प्रश्नावली फक्त दहा वाक्यांची. दहाच! त्यातली पाच वाक्यं माणसाने स्वतःबद्दल बरं बोलावं अशी आणि पाच स्वतःला कमी लेखणारी, एकमेकांत मिसळलेली. प्रत्येकापुढे चार उत्तरं: पूर्ण मान्य, मान्य, अमान्य, पूर्ण अमान्य. गुण शून्य ते तीन, उलट्या वाक्यांचे उलटे. एकूण तीस.

मी भाचीला विचारलं, उलटी वाक्यं कशाला घातली? लेकरं गोंधळतील ना. ती म्हणाली, तूच करून बघ. एखादं पोर काही न वाचता सगळ्यालाच ‘मान्य’ म्हणत गेलं तर? मी हिशेब केला. सरळ पाच वाक्यांचे दोन-दोन, म्हणजे दहा. उलट्या पाचांचा एकेक, म्हणजे पाच. बेरीज पंधरा. बरं, सगळ्याला ‘पूर्ण मान्य’ म्हटलं तर? पाच त्रिक पंधरा, आणि उलट्यांचे शून्य. पुन्हा पंधरा! सगळ्याला ‘अमान्य’? पंधराच. कसंही करा, न वाचता एकाच रांगेत खुणा करणारा बरोब्बर मधोमध येऊन बसतो! मी टाळी वाजवली. कारण ‘हाव जी’ म्हणणारा वर्ग मला रोज भेटतो. समजलं का? हाव जी. लिहिलं का? हाव जी. आवडलं का? हाव जी. मॅडमनी विचारलं म्हणजे होच म्हणायचं असतं, हे आमच्या मुलांना पहिलीतच पाठ होतं. न्यूयॉर्कच्या माणसाने साठ वर्षांपूर्वी ही सवय ओळखून तिच्यासाठी दहा वाक्यांच्या आत जागा करून ठेवली होती!

रोझेनबर्गचं आणखी एक म्हणणं मला फार आवडलं. आत्मसन्मान चांगला असणं म्हणजे ‘मी सगळ्यांहून भारी’ असं वाटणं, हे त्यांना मान्य नव्हतं. माणसाला आपण पुरेसे बरे आहोत, माणूस म्हणून आपली काही किंमत आहे, एवढं वाटत असलं की झालं. तो शेजाऱ्यापेक्षा वरचढ आहे की नाही हा प्रश्नच त्यांच्या मोजणीत नाही. एरवी आमच्या शिक्षणाच्या धंद्यात पहिला नंबर, दुसरा नंबर याशिवाय मोजणं कुठे असतं?

याच पुस्तकात आईवडिलांवर एक भाग आहे. रोझेनबर्गने मुलांना विचारलं: तुझे मित्र कोण, हे घरी ठाऊक आहे का? जेवताना तुझं बोलणं कोणी ऐकतं का? प्रगतिपत्रक दाखवल्यावर घरचे काय करतात? ज्यांच्या घरी या गोष्टींची दखल घेतली जात होती त्या मुलांचा आत्मसन्मान वरचा निघाला. आणि सर्वांत खाली होती ती ज्यांच्या प्रगतिपत्रकाकडे घरात कोणी पाहतच नव्हतं अशी मुलं. रागावणाऱ्या घरांतल्या मुलांहूनही खाली! माझ्या कपाटात प्रगतिपत्रकांचे गठ्ठे आहेत. सहीच्या रकान्यात कुठे झोकदार इंग्रजी सही, कुठे वाकडीतिकडी अक्षरं, कुठे अंगठा. आता मी जाणून आहे की झोकदार सही करणाऱ्याने आत काय लिहिलंय ते वाचलं असेलच असं नाही. आणि कापूस वेचून आलेली आई अंगठा उमटवण्याआधी पोराला विचारते, “काय लिवलं रे मॅडमनं?” तिच्या त्या एका प्रश्नाचं वजन किती मोठं आहे!

पिअर्स आणि हॅरिस यांची लहान मुलांची प्रश्नावली पाहिली. ती आधी ऐंशी वाक्यांची होती, पुढे साठांची झाली, उत्तर फक्त हो किंवा नाही. कूपरस्मिथच्या शालेय प्रश्नावलीतल्या ५८ वाक्यांमध्ये आठ वाक्यं मुद्दाम अशी पेरलेली आहेत की ज्यांना कोणीच प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणू शकणार नाही; त्यावरून पोर आपल्याला खूश करायला लिहितंय का ते कळतं. आपल्याकडे राजकुमार सारस्वत यांची ४८ प्रश्नांची प्रश्नावली आहे. ती आग्र्याहून छापली जाते आणि बी.एड., एम.एड.च्या कितीतरी प्रबंधांत सापडते. फिट्स यांची टेनेसीची तर शंभर वाक्यांची. हे सगळं मी भराभर चाळलं, कारण तोवर माझ्या हाती सुसान हार्टर लागल्या होत्या.

हार्टरबाई! डेन्व्हर विद्यापीठात मानसशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. १९८५ साली त्यांनी मुलांसाठी ३६ प्रश्नांचं एक साधन केलं, आणि त्यात प्रश्न विचारायची जी रीत वापरली ती वाचून मी खोलीत उठून फेऱ्या मारायला लागले. त्या मुलाला ‘तू कसा आहेस?’ असं विचारतच नाहीत. त्या आधी सांगतात की काही मुलं अशी असतात, आणि काही मुलं तशी असतात. मग विचारतात, तू कोणासारखा? पोराने बाजू निवडली की पुढचा प्रश्न: हे तुझ्याबाबत अगदी खरं, की थोडंसं खरं? बस्स. पण काय झालं बघा. दोन्ही प्रकारची मुलं जगात आहेत हे प्रश्नानेच आधी कबूल केलं. मग ज्याला येत नाही तो एकटा पडत नाही, त्याच्यासारखी ‘काही मुलं’ असतातच. लाज वाटायच्या आधीच प्रश्नाने लाज काढून घेतली!

मला राहवेना. शाळेत आल्यावर पाचवीतल्या एका मुलाला मधल्या सुट्टीत व्हरांड्यात गाठलं. बोलका नाही, मागच्या बाकावरचा, पाटीवर उदाहरण आलं की खिडकीबाहेर बघणारा. आधी सरळच विचारलं, “तुला गणित जमतं का रे?” त्याने मान खाली घातली आणि अंगठ्याने खांबाचा निघालेला चुना कुरतडायला लागला. मग मी हार्टरबाईंच्या रीतीने स्वतः रचलेलं वाक्य टाकलं: “काही पोट्ट्यांच्या गणित पाहिलं की पोटात गोळा येतो, आणि काही पोट्ट्यांना गणितात मजा वाटते. तू कोणासारखा?” अंगठा थांबला. “पयल्यांसारखा, जी.” “थोडासा की अगदी?” “अगदीच पयल्यांसारखा.” आणि चक्क हसला! मग पुढे आपल्या मनाने म्हणाला, “पन मले बैलजोडी हाकता येते. त्याचं नाही इचारत का?”

त्याचं नाही इचारत का! मी त्याच संध्याकाळी भाचीला फोन लावला. कारण हार्टरबाईंचा सगळा भर याच गोष्टीवर आहे. मुलाचं स्वतःबद्दलचं मत म्हणजे एकच एक गोळा नसतो, त्यात वेगवेगळे कप्पे असतात: अभ्यास, सवंगड्यांत मिसळणं, खेळ, दिसणं, वागणूक. आणि यांच्याशिवाय सहावा, एकंदर माणूस म्हणून मी कसा, हा. प्रत्येक कप्प्याचे सहा प्रश्न, प्रत्येकाची सरासरी वेगळी. हा मुलगा अभ्यासाच्या कप्प्यात खाली असेल, पण एक दात किडला म्हणून डेंटलवाले अख्खी बत्तिशी काढत नाहीत, आणि आम्ही मात्र ‘कच्चा’ असा शेरा मारून मोकळे होतो. भाची म्हणाली, “मावशी, १९८८मध्ये त्यांनी किशोरांसाठी जी आवृत्ती केली त्यात कामाच्या कुवतीचाही कप्पा आहे.” म्हणजे बैलजोडीची जागा आहे! कागदावर छापलेली जागा आहे!

आणि हे सगळं आपल्या वर्ध्याला नवं थोडंच आहे? १९३७च्या ऑक्टोबरात गांधीजींनी इथेच शिक्षण परिषद भरवली, झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि नई तालीम उभी राहिली. हाताने काम करता करता शिकायचं. सावंगीहून सेवाग्राम किती लांब? कताई, शेती, सफाई यांत हात चालणाऱ्या लेकराला शाळेत ताठ मानेने उभं राहता यावं, हा विचार या मातीत तेव्हाच होऊन गेला. मला आता वाटतं, त्या शाळांतल्या मुलांना कोणी हार्टरबाईंचे किशोरांसाठीचे प्रश्न विचारले असते तर कामाचा कप्पा किती उंच निघाला असता!

थांबा, अजून एक गंमत राहिली. विल्यम जेम्स या तत्त्वज्ञाने १८९० साली एक अपूर्णांक मांडला होता. वर यश, खाली अपेक्षा, आणि भागाकार म्हणजे आत्मसन्मान. नुसतं यश मोजून भागत नाही, त्या माणसाला त्या गोष्टीत यश हवं किती होतं तेही पाहावं लागतं. हार्टरबाईंनी हा अपूर्णांक पकडून मुलांना वेगळं विचारलं: ही गोष्ट तुझ्यासाठी किती महत्त्वाची? माझ्या वर्गात एक मुलगी आहे, धावण्यात कायम शेवटची, आणि तिला त्याचं काही म्हणजे काही वाटत नाही. शर्यत संपली की हसत येऊन सावलीत बसते. दुसरी आहे, नेहमी दुसरी येते आणि रडते. मला वाटायचं हा स्वभाव. आता मी त्यांच्या अपूर्णांकांकडे बघते, खालचा आकडा शोधत.

अगदी लहानांसाठी तर चित्रं आहेत. हार्टर आणि पाइक यांनी १९८४ साली केलेली. एका बाजूला कोडं जमणारं मूल, दुसऱ्या बाजूला न जमणारं. तुझ्यासारखं कोणतं, बोट ठेव. मग मोठ्या गोलावर की लहान गोलावर, पुन्हा बोट ठेव. वाचता न येणाऱ्या लेकराची मुलाखत! आणि त्यातून दिसलं की लहानग्यांना स्वतःबद्दल भरभरून चांगलं वाटतं. ‘एकंदर मी कसा’ हा विचार त्यांना साधारण आठव्या वर्षापर्यंत करताच येत नाही. दुसऱ्याशी तुलनाही त्यानंतरच जोर धरते. पडताळा घ्यायचा तर कुठल्याही शाळेत या. पहिलीत जाऊन विचारा, सगळ्यात जोरात कोण पळतं? सगळे हात वर! पाचवीत विचारा. एकही हात वर होत नाही, सगळी बोटं एकाच मुलाकडे वळतात. या दोन वर्गांच्या मधल्या भिंतीत काय काय घडतं ते मी रोज पाहत होते. ते कोणी इतक्या बारकाईने टिपून ठेवलं आहे याचा पत्ता नव्हता.

चित्रांवरून भाचीने बाहुल्यांची गोष्ट सांगितली. केनेथ आणि मेमी क्लार्क या काळ्या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने अमेरिकेत लहान मुलांसमोर बाहुल्या ठेवल्या. सगळ्या सारख्या, फरक फक्त रंगाचा. चांगली कोणती? वाईट कोणती? तुझ्यासारखी कोणती? काळ्या मुलांतल्या बहुतेकांनी गोरी बाहुली चांगली ठरवली, आणि ‘तुझ्यासारखी कोणती’ या शेवटच्या प्रश्नाला काही मुलं रडली, काही उठून गेली. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवला, त्या निकालाच्या तळटीपेत क्लार्क यांचं काम आहे. बाहुल्यांचं मोजमाप कोर्टापर्यंत पोचलं! आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ला, इथून पंच्याहत्तरेक किलोमीटरवर नागपूरला बाबासाहेबांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली. त्या दिवसाआधी आणि नंतर या भागातल्या घराघरांतल्या लेकरांना कोणी विचारलं असतं की ‘तू कोणासारखा?’, तर उत्तर किती बदललेलं दिसलं असतं, या विचाराने मला झोप आली नाही. पुढे खुद्द रोझेनबर्ग आणि रॉबर्टा सिमन्स यांनी बाल्टिमोरच्या शाळांत पाहणी केली तेव्हा काळ्या मुलांचा आत्मसन्मान गोऱ्या मुलांपेक्षा कमी निघाला नाही. कारण मूल स्वतःला तोलतं ते भोवतालच्या, आपल्यासारख्या माणसांमध्ये. आईने, मास्तरीणबाईंनी, गल्लीने आपलं म्हटलं असेल तर दूरच्या कोणी हिणवलं तरी आतला कणा उभा राहतो. जिथे आपल्यासारखं कोणीच नाही अशा शाळेत मात्र तो डगमगतो. नव्या शाळेत, मोठ्या शहरात पाठवलेल्या आमच्या हुशार मुलांची आठवण येऊन मी तो परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचला.

मोठ्यांसाठीचं साधन मी पालक सभेत वापरून पाहिलं. परीक्षा म्हणून अजिबात नाही, आणि त्यावरून कोणाबद्दल काही ठरवायचंही नव्हतं; ते काम भाचीसारख्या शिकलेल्यांचं. कून आणि मॅकपार्टलंड यांनी १९५४ साली केलेलं हे साधन म्हणजे कोरा कागद. ‘मी कोण?’ या प्रश्नाचं उत्तर वीस वेळा लिहायचं. सुरुवातीला लोक नातं, जात, गाव, काम असं जगजाहीर लिहितात, ते संपलं की आतलं यायला लागतं. आमच्या सभेला आयाच जास्त. पहिल्या ओळी सगळ्यांच्या सारख्या: अमक्याची आई, तमक्याची बायको, घरची मोठी सून, बचत गटाची सदस्य. सातव्या-आठव्या ओळीला पेन थांबले. “आता काय लिवू जी, संपलं की.” मी म्हटलं, संपलं तर बसा जरा, घाई नाही. एक बाई, हातावर भाजल्याचा जुना डाग, पदराचं टोक दातात धरून बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग लिहिलं: मी विहिरीत सूर मारायची. त्याच्याखाली: मला काळा रंग आवडतो. त्याच्याखाली: मी कोणाला घाबरत नाही, फक्त दाखवत नाही. तिने कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि मला म्हणाली, “हा मी घेऊन जाते.” मी म्हटलं, तुमचाच आहे.

कोणी म्हणेल, आत्मसन्मान वाढवा म्हणजे मार्क वाढतील, असंच ना? तेही झालंय. कॅलिफोर्नियाने १९८६ साली आत्मसन्मान वाढवण्यासाठी सरकारी समिती नेमली होती. पुढे २००३मध्ये रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी झालेल्या सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा नुसता आत्मसन्मान फुगवून मार्क वाढतात असं दिसलं नाही. उलट काही जमायला लागलं की त्याच्या मागोमाग स्वतःबद्दलचं मत सुधारतं, हे जास्त खरं निघालं. मला तर याने हुरूपच आला! म्हणजे ‘शाब्बास, शाब्बास’ म्हणत बसायचं नाही, लेकराला एखादी गोष्ट खरोखर यावी म्हणून झटायचं. हे काम मला येतं. आणि मन मोजण्याचा खटाटोप पाश्चात्त्यांपुरताच असेल असं वाटणाऱ्यांसाठी: २००५ साली डेव्हिड श्मिट आणि युरी अल्लिक यांनी रोझेनबर्गची दहा वाक्यं ५३ देशांत, २८ भाषांमध्ये, जवळजवळ सतरा हजार लोकांना विचारली. जपान सगळ्यांत खाली, सर्बिया सगळ्यांत वर. पण एकूण एक देशाची सरासरी मध्याच्या वरच! जगभरातला माणूस आतून स्वतःला बरा म्हणतो आहे, हे वाचून मला इतका आनंद झाला की मी ते फळ्यावर लिहून ठेवलं.

हार्टरबाईंनी आपल्या पुस्तिका मोफत वापरायला खुल्या ठेवल्या आहेत. तेव्हा भाचीचा प्रबंध पुढे सरकेपर्यंत आम्ही चित्रांच्या मागे लागलो आहोत. तिची अट कडक आहे: पालकांची सही, मुलाची स्वतःची तयारी, कागदावर नाव नाही, आकडा वर्गात कोणाला सांगायचा नाही. मला मान्य. अमेरिकन चित्रांतले खेळ आमच्या पोरांना कळायचे नाहीत, म्हणून लंगडी, लगोरी, सूरपारंब्या, तान्ह्या पोळ्याला सजवलेला लाकडी नंदी अशी यादी केली आणि चित्रकलेच्या सरांना दिली. सरांनी लगोरी रचणारं पोर तासाभरात काढलं, सुरेख. अडलंय ते दुसऱ्या बाजूच्या चित्रावर. ज्याची लगोरी कोसळते ते पोर असं काढायचं की बघणाऱ्याला त्याचं हसू येऊ नये आणि कीवही येऊ नये, नाहीतर त्याच्यावर बोट ठेवायला कोणी धजणार नाही. सरांनी चेहरा काढून पाहिला, खोडला, पाठमोरं काढून पाहिलं, तेही खोडलं. बैलजोडीवाला मुलगा शेजारी उभा होता. तो म्हणाला, “सर, त्याले पुन्यांदा ठिकऱ्या गोया करतानी काढा ना.”